नेक्स्टेलचे जुने फोन: अमेरिकेत वापरा, भारतात आणू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या अनेक घरांत, विशेषतः बांधकाम, मालवाहतूक किंवा दुरुस्तीच्या धंद्यात असलेल्यांच्या गराजमध्ये, मोटोरोलाचे जुने ‘दाबा आणि बोला’ फोन अजून पडून आहेत. कडेला मोठे बटण, दाबले की चिवचिव, आणि मग समोरच्याशी थेट बोलणे. नेटवर्क बंद झाले म्हणजे हे फोनही बाद झाले, असे बहुतेकांनी धरून टाकले आहे. ते पूर्ण खरे नाही. त्यांतल्या ठरावीक मॉडेलांत टॉवरशिवाय एका फोनवरून दुसऱ्या फोनवर बोलायची सोय आहे आणि ती आजही चालते. मात्र ती वापरायची जागा अमेरिका. सुट्टीवर येताना पुतण्याच्या ट्रेकिंगसाठी म्हणून चार फोन बॅगेत टाकून पुण्याला आणणे चूक आहे, बेकायदाही आहे. आपला अंक दोन्हीकडे वाचला जातो, म्हणून दोन्ही बाजू एकाच पत्रात लिहितो.

आधी बंद काय पडले, ते. नेक्स्टेल या कंपनीची सेवा मोटोरोलाच्या ‘आयडेन’ तंत्रावर, ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चाले. फोन लावणे आणि बटण दाबून बोलणे या दोन्ही गोष्टी टॉवरमार्फतच होत. बटणाने बोलण्यासाठी प्रत्येकाला मध्ये चांदण्या असलेला वेगळा क्रमांक मिळे. २००५ मध्ये नेक्स्टेल स्प्रिंटमध्ये विलीन झाली आणि ३० जून २०१३ रोजी हे जाळे कायमचे बंद करण्यात आले. कॅनडातली याच तंत्रावरची ‘माइक’ सेवा जानेवारी २०१६ मध्ये थांबली. तेव्हा आज कोणी विक्रेता ‘सिम चालू करून देतो’ म्हणाला, तर त्याला पैसे देऊ नयेत. ते सिम आता कुठल्याही टॉवरला सापडणार नाही.

नेक्स्टेलच्या शेवटच्या वर्षांत मात्र मोटोरोलाने काही फोनांत दुसरी सोय घातली. त्यात फोन टॉवरला विचारतच नाही. ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झच्या खुल्या पट्ट्यात थेट दुसऱ्या फोनाशी बोलतो. मोटोरोलाचे त्यासाठीचे नाव ‘मोटोटॉक’, नेक्स्टेलचे ‘डायरेक्ट टॉक’. टॉवरमार्फत चालणाऱ्या जुन्या सेवेचे नाव होते ‘डायरेक्ट कनेक्ट’. नावे इतकी सारखी, आणि दोन्हींना बटण तेच. म्हणूनच लोक हमखास फसतात. डायरेक्ट कनेक्ट संपले, डायरेक्ट टॉक चालते. जुना फोन विकत घेताना एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी निम्मे नुकसान टळेल.

खात्रीची मॉडेले सांगायची तर आय३२५, आय३५५, आय३६५, आय३३५ आणि घडीचा आय५८०. आय५३०, आय७३०, आय८६० आणि आय९५ यांत ही सोय नाही. आय५३० दिसायला दणकट आणि स्वस्त, त्यामुळे त्याचीच खरेदी सर्वांत जास्त चुकते. बाहेरून काही कळत नाही; बॅटरी काढल्यावर आतल्या चिठ्ठीवरचा मॉडेल क्रमांक वाचावा आणि फोन सुरू करून मेनूत मोटोटॉक किंवा डायरेक्ट टॉक हे नाव डोळ्यांनी पाहावे. ते नाव नसेल, तर कुठलेही सेटिंग बदलून ते उगवत नाही.

फोन हाती आला की थेट चार्जरला लावण्याची घाई करू नये. सगळ्यात आधी बॅटरी. दहा-पंधरा वर्षे खणात पडलेली लिथियम बॅटरी फुगलेली असू शकते, आणि फुगवटा सुरुवातीला डोळ्यांना दिसत नाही. ती काढून गुळगुळीत फरशीवर चपट्या बाजूने ठेवावी आणि एका कोपऱ्याला टिचकी मारावी. अर्ध्या वेढ्यात थांबली तर ठीक. भोवऱ्यासारखी गरगर फिरली, तर तिचे पोट सुटले आहे. ती पुन्हा फोनमध्ये घालू नये. फोनचे मागचे झाकण नीट बसत नसेल, दाबल्यावर ‘टक्’ आवाज न येता वर उचलले जात असेल, तर तेही त्याचेच लक्षण. घरी मल्टिमीटर असेल तर व्होल्टेज पाहावे. या बॅटऱ्या एका सेलच्या असतात. पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टच्या आसपास, नेहमीच्या वापरात ३.६ ते ३.७. सेल २.५ व्होल्टच्याही खाली बराच काळ पडून राहिला असेल, तर आतल्या तांब्याच्या पत्र्यातून तांबे विरघळून नंतर नको तिथे साचते आणि चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. अशी बॅटरी कसेही करून जिवंत करण्याचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. कृपया ते करून पाहू नका. नवी बॅटरी घ्या.

चांगल्या बॅटरीचीही पहिली चार्जिंग समोर बसून करावी, गादीवर किंवा सोफ्यावर ठेवून नव्हे. आय३२५, आय३५५ यांचा चार्जर खालून लागतो. रुंद, चपटा कनेक्टर आणि दोन्ही कडांना छोटे खटके. काढताना वायर ओढली तर खटके फोनच्या खोबणीतच मोडतात. आधी कडा दाबाव्यात, मग ओढावे. चार्ज होत नसेल तर बहुतेक वेळा दोष धुळीचा किंवा गंजाचा निघतो. बॅटरीच्या सोनेरी पट्ट्या पेन्सिलीच्या खोडरबराने हलक्या हाताने घासाव्यात, मग ९० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पुसाव्यात आणि पाच मिनिटे सुकू द्यावे. पॉलिश पेपर वापरू नये. सोन्याचा मुलामा निघाला की खालचा धातू वर्षभरात पुन्हा काळा पडतो.

आता सिम. हे अनेकांना पटत नाही, पण टॉवरशिवाय बोलायचे असले तरी फोनमध्ये सिमकार्ड लागतेच. ते नेक्स्टेलचे किंवा त्याच जाळ्यावर चाललेल्या बूस्टचे आयडेन सिम हवे. चालू असण्याची गरज नाही, तसे आता कोणतेच चालू नाही. आजच्या कंपन्यांचे सिम मापाने त्या खाचेत बसते, फोन मात्र ते स्वीकारत नाही. जुना फोन घेताना सिमसकट घ्यावा. सिम सहसा बॅटरीखाली असते. पिन मागितला तर मूळचा ०००० असतो. त्यापुढे अंदाजपंचे आकडे टाकत बसू नये. तीन चुकांनंतर सिम अडकते, आणि ते सोडवण्याचा कोड पूर्वी कंपनीच्या ग्राहक सेवेकडून मिळे. आता कोणाकडे मागणार? फोनचे कुलूप वेगळे. ते उघडण्याचा मूळ आकडा म्हणजे त्या फोनच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक. सेटिंग बदलताना लागणारा सुरक्षा कोड मुळात ००००००. विकणाऱ्याकडून हे तिन्ही आकडे लिहून घ्यावेत.

फोन सुरू झाला की काही वेळ टॉवर शोधतो आणि सेवा नसल्याचे दाखवतो. हा बिघाड नव्हे. मेनूत मोटोटॉक किंवा डायरेक्ट टॉक निवडावे, ‘त्या पद्धतीत जायचे का’ याला होकार द्यावा, थोडे थांबावे. पडद्यावर चॅनेल आणि कोड दिसू लागले की फोन तयार. नेहमीच्या पद्धतीत तसाच राहिला तर तो दिवसभर नसलेला टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी खातो, म्हणून सकाळी सुरू केल्याबरोबर हे पाऊल उचलावे. विमानप्रवासासाठी प्रक्षेपण बंद ठेवण्याची एक सोय फोनमध्ये असते. ती चालू राहिली असेल तर ही पद्धत चालणार नाही. एखादा फोन सगळे बरोबर लावूनही गप्प असेल, तर आधी तेच तपासावे.

चॅनेल १ ते १०, कोड १ ते १५. गटातल्या प्रत्येक फोनवर दोन्ही तंतोतंत सारखे हवेत. चॅनेल ४ आणि कोड ७ ठरले, आणि एकाने ७ आणि ४ लावले, की तो दिवसभर एकटाच बोलत राहतो. यावर उपाय साधा: फोनच्या पाठीवर पट्टी चिकटवून त्यावर ‘चॅ ४ को ७’ असे लिहावे. आसपास दुसरा गट असेल तर नुसता कोड नव्हे, चॅनेलही बदलावा. कोड म्हणजे एकाच चॅनेलवरच्या गटांना वेगळे ओळखायची खूण; चॅनेल बदलला की फोनच्या उड्यांचा क्रमच बदलतो. ‘उड्या’ म्हणायचे कारण असे, की हे फोन एका वारंवारतेवर थांबत नाहीत. ९०२ ते ९२८ च्या पट्ट्यात ठरलेल्या क्रमाने सतत जागा बदलत राहतात. त्यामुळे साध्या वॉकीटॉकीवर किंवा स्कॅनरवर त्यांचे बोलणे ऐकू येत नाही, आणि पट्ट्यात एखाद्या जागी कॉर्डलेस फोन किंवा विजेचा स्मार्ट मीटर बडबडत असला तरी बोलणे पूर्ण बुडत नाही. याला गुप्त संभाषण मात्र समजू नये. तसेच दुसरे फोन त्याच चॅनेल-कोडवर असले तर सगळे ऐकतील.

एकालाच बोलावायचे असेल तर खासगी हाकेचीही सोय आहे. दोघे एकाच चॅनेलवर हवेत, आणि समोरच्याच्या सिमचा दहा अंकी क्रमांक टाकून बटण दाबायचे. तो क्रमांक मेनूतल्या ‘माय इन्फो’मध्ये पाहता येतो. क्रमांक बंद झालेला असला तरी सिमवर लिहिलेला असतो आणि ओळख पटवायला तेवढे पुरते. चार-सहा जणांच्या गटाला याची गरज फारशी पडत नाही.

बोलण्याची पद्धत हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. बटण दाबायचे, चिवचिव ऐकायची, मनात ‘एक’ म्हणायचे आणि मग बोलायचे. फोन तोंडापासून अडीच ते पाच सेंटीमीटर, ॲन्टेना पूर्ण वर ओढलेला आणि डोक्यापासून लांब. चिवचिव न होता वेगळाच नकाराचा सूर आला, तर बोलू नये. ते बोलणे कुठेच जाणार नाही. वाक्य संपल्यावरही क्षणभर बटण दाबून ठेवावे. मराठीत बोलणाऱ्यांनी तर हे पाळायलाच हवे, कारण आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘गाडी मागे घेऊ नका’ म्हणताना बोट अर्धा क्षण आधी सुटले, की पलीकडे पोचते ‘गाडी मागे घेऊ’, आणि पार्किंग सांभाळणारा स्वयंसेवक गाडी मागे घ्यायला हात करतो. म्हणून फोनवर नकारार्थी वाक्ये टाळावीत. ‘थांबा, गाडी आहे तिथेच ठेवा’ असे म्हणावे. आकड्यांचेही तसेच. हे फोन आवाज फार कमी जागेत दाबून पाठवतात. मूळ स्वराची धार जाते आणि पंचवीस, पस्तीस, एकोणसाठ, एकोणसत्तर यांत गोंधळ होतो. ‘दोन-पाच’, ‘सहा-नऊ’ असे सुटे अंक सांगावेत. एक जण बटण दाबून बोलत असताना दुसऱ्याला मध्ये बोलता येत नाही, तेव्हा वाक्ये छोटी हवीत आणि शेवटी ‘ओव्हर’ म्हणण्यात लाजण्यासारखे काही नाही.

पहिली चाचणी एकाच खोलीत करू नये. दोन्ही फोनांचे स्पीकर मोठे असले तर एकाचा आवाज दुसऱ्यात शिरून कर्कश शिट्टी वाजते, आणि फोन बिघडला असा गैरसमज होतो. वेगळ्या खोल्यांत, शक्य तर घराबाहेर जाऊन पाहावे. मग ठरलेल्या जागी प्रत्यक्ष चालत जाऊन कुठपर्यंत ऐकू येते ते आदल्या दिवशी तपासावे. कंपनी सांगायची तो सहा मैलांचा पल्ला मोकळ्या मैदानातला, समोरासमोरचा आहे. इमारतींच्या गर्दीत मैलभर मिळाले तरी पुष्कळ; काँक्रीटचे जिने असलेली बाजू, लिफ्ट, लोखंडी गोदाम इथे दोन मजल्यांतच तुटते. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी टेकडीला वळसा घालून जात नाहीत. खोल दरीतून हाका मारण्यापेक्षा वीस फूट वर चढावे, खिशातून फोन काढून हातात धरावा. भोवती माणसांची आणि ओल्या झाडांची दाटी असेल तरी पल्ला घटतो.

महाराष्ट्र मंडळांच्या गणेशोत्सवात पार्किंग, स्वयंपाकघर आणि रंगमंच यांच्यात हे फोन सुरेख काम करतात. प्रत्येकाला सगळ्यांचे एकदम ऐकू येते, क्रमांक शोधावा लागत नाही, सभागृहाच्या तळघरात मोबाइलची रेंज नसली तरी चालते. मिरवणुकीत मात्र ढोलाजवळ स्पीकरवर काहीच कळत नाही. तिथे अडीच मिलिमीटरच्या पिनचा इअरफोन लावावा. आजच्या साडेतीन मिलिमीटरच्या पिना बसत नाहीत. बर्फात नेताना फोन आतल्या खिशात ठेवावा, आणि गारठलेली बॅटरी घरात आणल्यावर लगेच चार्जरला लावू नये. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास लिथियम धातू आत साचतो आणि बॅटरी कायमची खराब होते. निदान तासभर खोलीत ठेवून मग चार्ज करावी. वापर नसेल तेव्हा अर्धी भरून, फोनबाहेर काढून ठेवावी आणि तीन-चार महिन्यांनी पाहावी.

आणखी एक, अगदी कळकळीने. या फोनवरून ९११, म्हणजे अमेरिकेतला तातडीच्या मदतीचा क्रमांक, लागत नाही. पूर्वी लागत असे, म्हणून अनेकांच्या मनात ते राहून गेले आहे. जाळेच नाही तर हाक जाणार कुठे? आई-वडिलांना ‘जवळ असू द्या’ म्हणून हा फोन देऊन फिरायला पाठवू नका. त्यांच्या खिशात चालू सेवेचा मोबाइल हवाच.

आता भारताविषयी. अमेरिकेत ९०२ ते ९२८ हा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्याशिवाय खुला आहे. भारतात तसा नाही. तिथे ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ हा मोबाइल सेवेचा पट्टा आहे; त्यात हँडसेट टॉवरशी बोलतात. म्हणजे या फोनच्या २६ मेगाहर्ट्झपैकी १३, बरोबर निम्मा पट्टा, लोकांच्या मोबाइलच्या वाटेत येतो. टॉवरचा कान कित्येक किलोमीटर दूरच्या हँडसेटची क्षीण हाक ऐकायला लावलेला असतो. त्याच्या पायथ्याशी उभे राहून कोणी सुमारे वॅटभर शक्तीने उड्या मारत बोलू लागला, तर त्या भागातल्या मोबाइलचे कॉल तुटू शकतात, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. गडावर अडकलेल्या एखाद्याचा मदतीचा फोन त्यातच असू शकतो. कायदाही स्पष्ट आहे: परवानगी किंवा सूट नसलेले बिनतारी यंत्र जवळ बाळगणेच बेकायदा आहे, विमानतळावर कस्टमकडून ते अडवले जाऊ शकते.

सह्याद्रीत फिरणाऱ्या गटांना हातातली बिनतारी सोय हवीच असते, आणि ती रास्त गरज आहे. त्यासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात २०१८ पासून कमी शक्तीच्या हँडसेटना परवान्याशिवाय खुला आहे. मात्र तो हँडसेट मान्यताप्राप्त असायला हवा. विकत घेताना वस्तूच्या माहितीत वारंवारता आणि उपकरण मान्यतेचा, म्हणजे ईटीए प्रमाणपत्राचा उल्लेख पाहावा. नुसते ‘लायसन्सची गरज नाही, पल्ला दहा किलोमीटर’ एवढेच छापले असेल तर घेऊ नये. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांसाठी याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत; वारंवारता आणि मान्यतेची माहिती देणे विक्रेत्याचे काम आहे, ती मागताना संकोच करू नये. बोलण्याची वर सांगितलेली शिस्त या हँडसेटलाही जशीच्या तशी लागू पडते.

ज्यांच्याकडचे नेक्स्टेल फोन तपासणीत नापास होतील, त्यांनी ते कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. अमेरिकेतल्या मोठ्या हार्डवेअरच्या दुकानांत जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या पेट्या असतात. बॅटरी काढून तिच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावावी, वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालावी आणि मगच पेटीत टाकावी. फुगलेली बॅटरी मात्र पेटीत न टाकता काउंटरवर विचारून द्यावी. त्याआधी सिम काढून ठेवा. चांगल्या फोनला सिम नसलेला दुसरा कोणी ते शोधत असतो.

कळावे,

आपला एक वाचक
एडिसन, न्यू जर्सी